घरच्यासारखी माणसं आणि मस्टरवरचे नऊ

मागच्या महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका क्लायंटनी व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक पीडीएफ पाठवली. हळद, तिखट, मसाला पॅकिंगचं युनिट आहे त्यांचं, एका मोठ्या कंपनीला तिच्या ब्रँडखाली माल करून देतात, आणि त्या कंपनीनं सगळ्या सप्लायरांना एक प्रश्नावली धाडलेली. खाली ह्यांचा मेसेज, "ताई, तुमचं मानवाधिकार धोरण आहे काय म्हणून विचारलंय. आपल्यात कुठलं हो असलं. होय म्हणून टिक मारून टाकू का?"

मारू नका म्हटलं, संध्याकाळी येते.

मी सांगलीत अकाउंट्सची कामं करते, जीएसटी, पीएफ, पगारपत्रकं, सगळं. गणपती पेठेतली दुकानं, मार्केट यार्डातले दोन-चार व्यापारी, कुपवाड-मिरजेतली छोटी युनिटं, तासगावकडची बेदाण्याची कामं. त्यामुळे लोक मला त्यांच्या वह्या दाखवतात, आणि वही खोटं बोलत नाही, निदान कच्ची वही तरी नाही. मानवाधिकार म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर तुरुंग, एन्काउंटर, दिल्लीतली उपोषणं असलं काहीतरी येतं, आपल्या गाळ्याशी त्याचा संबंध काय असं वाटतं. मला विचाराल तर तो सगळा विषय हजेरीच्या वहीत, उचलीच्या वहीत आणि किरकोळ खर्चाच्या व्हाउचरमध्ये पडलेला असतो.

आधी हा फॉर्म आला कुठून ते सांगते, कारण त्यांना वाटत होतं की कंपनीला काहीतरी खोडी काढायचीय आणि रेट पाडायचाय. तसं नाही. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना दरवर्षी एक रिपोर्ट द्यायला लावलाय, त्यात मानवाधिकाराचा एक आख्खा भाग आहे. मग त्या कंपन्या खालच्या सप्लायरांना विचारत सुटतात. आपल्याकडून हळद, बेदाणा, द्राक्षं बाहेर जातात त्यांना तर हे आणखी लवकर येऊन भिडतं, जर्मनीनं १ जानेवारी २०२३ पासून कायदाच केला की मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे वेठबिगारी, बालमजुरी वगैरे नाही ना हे बघायचं. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांची २०११ ची तत्त्वं आहेत, जॉन रगी नावाच्या प्राध्यापकांनी कित्येक वर्षं खपून केलेली, एकूण ३१ आहेत. सार एवढंच की सरकारनं लोकांच्या हक्कांचं रक्षण करायचं, धंदा करणाऱ्यांनी ते तुडवायचे नाहीत, आणि तुडवले गेले तर त्या माणसाला दाद मागायला जागा पाहिजे. धंदा लहान आहे म्हणून सुटका नाही हे त्यात स्पष्ट लिहिलंय. फक्त लहानानं लहानाच्या ऐपतीनं करायचं, शंभर पानी पॉलिसी नको, वकील नको. आपल्या केंद्र सरकारनंही २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं काढली, त्यातलं पाचवं हेच.

झालं, कागदाचा भाग संपला. आता मुद्द्याचं.

संध्याकाळी गेले तर शेठनी पहिलं वाक्य हेच टाकलं, "ताई, आमच्यात सगळी घरच्यासारखी माणसं हायत." हे वाक्य मी प्रत्येक क्लायंटकडे ऐकलंय, अगदी प्रत्येक, आणि बहुतेकांच्या तोंडी ते खोटं नसतं हे पण सांगते. हेच शेठ एका बाईच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला पैसे घेऊन रात्री मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये उभे होते. एकीच्या मुलीच्या लग्नात आहेर, जेवणाचा अर्धा खर्च. माणूस दिलदार आहे. पण त्याच माणसाच्या मस्टरवर वर्षानुवर्षं नऊच नावं आहेत आणि आत कामाला बायका-पुरुष मिळून कितीतरी जास्त.

नऊ का, तर दहा झाले की ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा, लैंगिक छळाची तक्रार समिती सगळं लागू होतं. सांगली-मिरज-कुपवाडमधली नऊच्या आकड्यावर अडकलेली युनिटं मोजायला बसलं तर मला वाटतं आपल्याकडे दहावा कामगार जन्मालाच येत नाही.

मी त्यांना हिशोब करून दाखवला. बारा हजार पगाराच्या बाईचं ईएसआय मालकाकडून सव्वातीन टक्के म्हणजे ३९० रुपये महिना, बाईचे पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये. त्यात तिला आणि तिच्या घरच्यांना औषधपाणी, आजारी पडली तर ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, कामावर अपघात झाला तर ९० टक्के, बाळंतपणाला २६ आठवडे. दवाखाना लांब पडतो, रांगा असतात, कागदं मागतात, हे सगळं मला माहितीय, मीच फॉर्म भरून देते की. पण त्या बाईच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला शेठनी जे दिले ना, त्यात असे ३९० किती महिने भरून झाले असते ते मोजा म्हटलं. आणि मुख्य म्हणजे ते पैसे तिला मागायला लागले नसते. हात जोडायला लागले नसते. आता ती आयुष्यभर म्हणणार, शेठनी आमच्यासाठी लई केलं, आणि त्यामुळेच ओव्हरटाईमचं कधी तोंडातून काढणार नाही.

माझं सगळं म्हणणं ह्या एका जागेवर आहे. लहान धंद्यातला मालक वाईट असतो म्हणून हक्क मारले जातात असं फारसं होत नाही, तो चांगला असतो आणि त्या चांगुलपणातच हक्क विरघळून जातो. जे द्यायलाच लागतं ते उपकार म्हणून दिलं की घेणारा मिंधा होतो आणि देणारा पुण्यवान, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नाही.

ह्याच्या उलट कसं असतं ते बघायचं तर मार्केट यार्डात जा. १९६९ चा माथाडी कायदा, ज्याच्यासाठी पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील झगडले, त्यात हमालाची मजुरी आणि वर लेव्ही व्यापारी माथाडी बोर्डाकडे भरतो आणि बोर्ड हमालाला देतं. व्यापारी लेव्हीच्या नावानं बोटं मोडतात, माझ्यासमोर मोडतात, त्यातल्या काही तक्रारी खऱ्या पण आहेत. पण हमाल व्यापाऱ्याला ‘मालक, माझं बघा की’ म्हणत दिवाळीला दारात उभा राहत नाही, हे काय कमी आहे का.

आता उचल. ह्या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडचा निम्मा धंदा उचलीवर चालतो. ऊसतोड तर आहेच, वीटभट्टी, यंत्रमाग, गुऱ्हाळ, आणि अगदी कापड दुकानातला पोरगा पण. लाल वही असते, नावापुढे ‘अंगावर’ किती ते लिहिलेलं. उचल देणं गुन्हा नाही, अडीअडचणीला बँक काय अशा माणसाला दारात उभं करत नाही, मालकच देतो, ठीक आहे. पण १९७६ चा वेठबिगारीचा कायदा काय म्हणतो तर उचलीपोटी माणसाला काम सोडून जाण्याची मोकळीक राहिली नाही, किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमीवर राबायला लागलं, की ती वेठबिगारी झाली. साखळदंड लागत नाहीत त्याला. "अंगावरचे फेड आणि मग जा कुठं जायचं तिथं" हे वाक्य पुरेसं आहे. आणि काही ठिकाणी तर आधार कार्ड, एटीएम कार्ड नाहीतर पोराच्या मार्कलिस्टची ओरिजिनल ड्रॉवरमध्ये ठेवून घेतात, "सांभाळून ठेवलंय ताई, हरवतात ही लोकं." झेरॉक्स ठेवा ना मग. ओरिजिनल कशाला?

सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये, दिल्लीत एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या केसमध्ये, तर सरळ सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीच घटनेच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरी. कारण पोटाची सक्ती ही पण सक्तीच असते. ही केस मी क्लायंटला सांगते तेव्हा ते जरा सरसावून बसतात. किमान वेतन म्हणजे लेबर ऑफिसचा दंड एवढंच त्यांच्या डोक्यात असतं, त्याचा संबंध राज्यघटनेशी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि दर बदलतात हो, महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, तुमच्या वहीतला आकडा मात्र सहा वर्षांपूर्वी थिजलेला. बायकांची हजेरी पुरुषांपेक्षा कमी हे तर इतकं अंगवळणी पडलंय की ‘बाई – अमुक, गडी – तमुक’ असे दोन कॉलम आखलेलेच असतात. समान कामाला समान पगाराचा कायदा १९७६ मध्येच आला, आता तो नव्या लेबर कोडमध्ये गेलाय. "गडी पोतं उचलतो" म्हणतात. मान्य, पोतं उचलण्याचे वेगळे द्या. पण बेदाणा निवडायला, पाकीट भरायला, सील मारायला गडी आणि बाई शेजारी शेजारी बसलेत तिथं काय फरक आहे ते मला दाखवा.

उचलीवर माझा उपाय साधा आहे, मी तीन-चार क्लायंटकडून करून घेतलाय. उचलीची चिठ्ठी दोन प्रतीत, एक त्याच्याकडे. महिन्याला किती कापायचं ते आधीच ठरलेलं, आणि इतकंच कापायचं की घर चालेल. व्याज नाही. आणि काम सोडलं तर बाकी रक्कम हप्त्यानं, माणूस अडवायचा नाही. बुडाले पैसे तर? बुडतात कधीकधी. गिऱ्हाईकाकडे बुडतात ते नाही का सोसत, तिथं तर रक्कम मोठी असते.

हां, आणि काम सोडणाऱ्याचा हिशोब. ‘पुढच्या महिन्यात ये’, मग ‘सीझन होऊ दे’, मग फोनच उचलायचा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत आणि त्यात गेलेल्या माणसाचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचाय, स्वतः सोडला असला तरी. हे बऱ्याच जणांना अजून माहितीच नाही.

इथपर्यंत ऐकल्यावर शेठ जरा तापले. म्हणाले, "ताई, मला पगार वेळेवर द्यायला काय धाड भरलीय, पण ही कंपनी माझं बिल नव्वद दिवसांनी काढती त्याचं काय?" आणि इथं मला त्यांची बाजू घ्यायला लागली, कारण बरोबरच बोलले ते. एमएसएमईचा, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा २००६ चा, ४५ दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही, लांबवलं तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, आता तर इन्कम टॅक्सवाल्यांनी पण कलम आणलं की वेळेत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरायचाच नाही. कागदावर सगळं भक्कम. पण तक्रार कोण करणार? सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकली की पुढच्या महिन्याची ऑर्डर शेजारच्या गाळ्याला. म्हणजे एका हातानं रेट खाली दाबायचा, पेमेंट अडकवायचं, आणि दुसऱ्या हातानं विचारायचं की तुम्ही कामगारांना पगार वेळेवर देता का. त्या ३१ तत्त्वांत हेही आहे बरं का, दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या त्रासाला तुमच्या वागण्याचा हातभार लागत असेल तर तुमचीही जबाबदारी. मी शेठना सांगितलं, शेरा म्हणून एक जागा सोडलीय फॉर्ममध्ये, तिथं सभ्य भाषेत लिहा की आमची बिलं इतक्या दिवसांनी निघतात. ते लिहितील का मला शंका आहे. मी असते तर लिहिलं असतं, पण ऑर्डर माझी जाणार नाहीये.

बरं, पैशाचं पुरे. संडास.

लिहायला कसंतरी वाटतं पण ह्याच्यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. गाळ्यांची रांग असते, खाली आठ-दहा दुकानं, साड्यांचं, भांड्यांचं, मोबाईलचं, प्रत्येकात एक-दोन सेल्सगर्ल, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. आणि संडास? मालकाचं घर जवळ असेल तर मालक जाऊन येतो. पुरुष कुठेतरी जातात. पोरी पाणी पीत नाहीत. मी विचारलंय, एकदा नव्हे, कुठल्याही दुकानात बिलं तपासत बसले की विचारतेच, आणि उत्तर तेच, "सकाळी घरनं जाऊन येतो आणि मग रात्रीच." पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा पगार कट. लघवीच्या जागेचं इन्फेक्शन, डॉक्टर, औषध, हे सगळं तिच्या खिशातून. मालकाला ह्यातलं काहीही माहीत नसतं, कारण कुठली पोरगी त्याला जाऊन सांगणार? आणि तो म्हणतो आमच्यात कुणाची तक्रार नाही. आठ दुकानांनी मिळून मागच्या बोळात एक बांधला, साफसफाईला बाई ठेवली, तर दुकानामागं चहाच्या खर्चाएवढा पण महिन्याचा खर्च येत नाही. ते जमेपर्यंत शेजारच्या हॉटेलवाल्याशी बोलून ठेवा, आमच्या पोरी येतील, महिन्याचे इतके देतो. पण हे मालकानं बोलायचं असतं, पोरीनं नाही.

आणि स्टूल. गिऱ्हाईक नसताना पण उभं राहायचं, बसलेलं दिसलं की शिस्त नाही. केरळमध्ये कापड दुकानातल्या बायकांनी ह्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१८ मध्ये सरकारला कायदा बदलायला लावला, तमिळनाडूनं २०२१ मध्ये केला. बसायचा हक्क! आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची, प्लॅस्टिकचं स्टूल आहे ते.

लैंगिक छळाच्या कायद्याबद्दल, २०१३ चा, एक गैरसमज तेवढा काढते. दहा माणसं असतील तर दुकानातच समिती लागते, पण दहापेक्षा कमी असतील तर कायदा लागू नाही असं अजिबात नाही. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि खुद्द मालकाच्या विरोधात तक्रार असेल तरी तिथंच. तीन महिन्यांच्या आत द्यायची. लहान दुकानात त्रास देणारा बहुतेकदा मालकाचा भाचा नाहीतर मेहुणाच असतो, मग ती सांगणार कुणाला? म्हणून समितीचा पत्ता लावलेला कागद पाहिजे, तोही काउंटरमागं नाही, जिथं पोरी डबा खातात तिथं. गिऱ्हाईकानं केलेली लगटही ह्यात येते हे पण लक्षात ठेवा. "गिऱ्हाईक देव असतो" म्हणून तिला गप्प बसवू नका.

आता एक गोष्ट जी मी बघते आणि कुणी बोलत नाही. कप. ऑफिसात सगळ्यांचे कप एका ट्रेमध्ये आणि झाडायला येणाऱ्या मावशींचा कप सिंकच्या मागं, खिडकीत, पालथा. शिकलेल्या लोकांच्या ऑफिसात. विचारलं तर "तसं काही नाही हो, त्यांचा त्या वेगळा ठेवतात." त्या कशाला ठेवतील वेगळा?

इथून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात शाहू महाराजांनी ह्याच कपाचं काय केलं होतं ते आपण शाळेत वाचलंय. गंगाराम कांबळे, संस्थानच्या पागेतले नोकर, पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मार पडला. महाराजांनी मारणाऱ्यांना फटकावलं ते तर झालंच, पण पुढं त्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं, आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. मला त्यात आवडतं ते हे की महाराजांनी गंगारामांना नुसती रक्कम देऊन मोकळं केलं नाही, गल्ल्यावर बसवलं आणि स्वतः गिऱ्हाईक झाले. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात पुढं दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक ठिकाणं ह्यांची नावं घालून लिहिलंय की तिथं जात, धर्म, लिंग ह्यावरून कुणाला अडवायचं नाही, म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना आपल्या पेठा चांगल्याच ठाऊक होत्या. आज कुणी दारात अडवत नाही. पण ‘मुलगा पाहिजे’ म्हणून फोन आला की तिसरा प्रश्न आडनावाचा असतो, आणि गल्ल्यावर कोण बसणार आणि आत गोडाऊनला कोण जाणार हे आडनावावर ठरतं. ह्याचं कुठलंही व्हाउचर नसतं, त्यामुळे मला पुरावा दाखवता येत नाही, पण कुठल्याही पेठेत सकाळी दहाला एक चक्कर मारा.

व्हाउचरवरून आठवलं. एका मंगल कार्यालयाच्या खर्चात व्हाउचर होतं, ‘सेप्टिक टँक सफाई, माणसं २’. रक्कम किरकोळ. मी फोन करून विचारलं गाडी आणली होती का, तर म्हणाले "नाही, गाडी जात नाही मागं, पोरं उतरली." माझ्या अंगावर काटा आला. टाकीत हायड्रोजन सल्फाईड असतो, दोन श्वासांत माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही. दरवर्षी बातम्या येतात, कुठली ना कुठली सोसायटी, कुठलं ना कुठलं हॉटेल. २०१३ चा कायदा आहे, साधनांशिवाय माणूस उतरवला तर पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. "ठेकेदाराची माणसं होती, आमची नव्हती" असं ते म्हणाले. टाकी कुणाची होती?

संयुक्त राष्ट्रांच्या त्या तत्त्वांतली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट इथंच लागू पडते. सगळं एकदम जमत नसेल तर ज्याची नंतर भरपाई होऊच शकत नाही ते आधी करा. पगाराचा फरक पुढच्या महिन्यात देता येतो, बोट परत येत नाही. म्हणून मी कुपवाडच्या शेठना पॉलिसी लिहायच्या आधी मसाला दळायच्या पल्व्हरायझरच्या बेल्टला गार्ड लावायला सांगितलं. बायका साडीवर काम करतात, पदर खोचलेला असतो पण सुटतो, आणि बेल्ट उघडा. त्यानंतर एक्झॉस्ट फॅन, तिखटाच्या दिवशी तर आत उभं राहवत नाही, त्या बायका रुमाल बांधून दिवसभर. मग मास्क. मग आग लागली तर मागचं दार उघडतं का, का तिथं पोत्यांची थप्पी आहे. थप्पीच होती.

चहा सांगितला त्यांनी. घेऊन आलेला पोरगा मोठ्या मुश्किलीनं बारा-तेराचा असेल. आम्ही मानवाधिकारावर बोलत बसलोय आणि हा समोर किटली घेऊन. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड होतो, शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हात लावतो तेवढं चालतं, तेही धोक्याचं काम नसेल तर. चौदा ते अठरा ह्या वयातल्याला धोक्याच्या कामावर अजिबात नाही. पण गिऱ्हाईक म्हणून आपणच त्या किटलीची वाट बघत असतो ना. शेठनी टपरीवाल्याला फोन लावला, तुझ्याकडनं पोरगं येणार असेल तर चहा बंद, तू ये नाहीतर मोठा माणूस पाठव. टपरीवाला काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोराचं पुढं काय, तो शाळेत गेला का दुसऱ्या टपरीवर, हे शेठनी विचारायला पाहिजे होतं असं मला नंतर वाटलं आणि मी त्यांना तसं सांगितलं, कारण नुसतं दारातून घालवून त्या पोराचं काहीच भलं होत नाही. चाइल्ड हेल्पलाईन १०९८ आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं एक राहिलं, हे नवीन खूळ आहे. दुकानदारांचे ग्रुप असतात, गल्ल्यात पैसे कमी आले की नोकराचा फोटो आणि आधार कार्ड टाकून ‘ह्याला कामावर ठेवू नका’. ना पोलीस तक्रार, ना चौकशी. नंतर हिशोबात पैसे सापडतात, मेसेज मात्र फिरत राहतो. त्या पोराला आख्ख्या पेठेत कुणी उभं करत नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय, आणि ते नसतं सांगितलं तरी हे वागणं नीच आहे.

शेवटचं पुराचं, कारण पावसाळा येईल आणि परत तेच होईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात, दुकानदारांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पंचनाम्यात माल धरला, फर्निचर धरलं. दुकानातल्या नोकराचा बुडालेला महिना कुणी धरला नाही, आणि त्यांचीही घरं बुडालेलीच होती. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला हीच माणसं पहिल्यांदा आली. त्या वर्षीच्या वह्या माझ्याकडे आल्या तेव्हा एका दुकानात पुराच्या दिवसांत दिलेले पैसे सगळ्यांच्या नावावर उचल म्हणून पडले होते, पुढचं वर्षभर कापले गेले. दुसऱ्या दुकानात, ज्याचं नुकसान पहिल्यापेक्षा कमी नव्हतं, अर्धा महिना का होईना पण खात्यात ‘पगार’ असं लिहिलं होतं, आणि चिखल काढल्याची हजेरी वेगळी. दोन्ही मालकांना विचारलंत तर दोघंही म्हणतील आम्ही पुरात माणसांना सांभाळलं.

तर जूनच्या आत हे ठरवून एका कागदावर लिहून ठेवा, दुकान पाण्यामुळं बंद राहिलं तर पहिले पंधरा दिवस काय, त्यापुढं काय, चिखल काढायची हजेरी किती. माणसांना बसवून, त्यांना विचारून लिहा, त्यांच्या सह्या घ्या, एक प्रत त्यांना द्या. मसुदा पाहिजे असेल तर मला फोन करा, फुकट देते. फक्त वीस तारखेच्या आसपास करू नका, तेव्हा जीएसटीचा थ्रीबी रिटर्न भरायची गडबड असते आणि मी कुणाचाच फोन उचलत नाही.